ईआरपी आलं, पण एक्सेल सुटत नाही. काम दुप्पट झालंय

खतावणी: अकाउंट्समध्ये अकरा वर्षं झाली मला. आठ महिन्यांपूर्वी ऑफिसात ईआरपी आलं, म्हणजे कंपनीचं सगळं काम एकाच जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर. तेव्हापासून प्रत्येक बिल आधी त्यात चढवायचं आणि मग तेच माझ्या जुन्या एक्सेलमध्ये, कारण साहेबांना महिनाअखेरचा रिपोर्ट जुन्या साच्यातच लागतो. पूर्वी ३ तारखेला हिशेब बंद व्हायचा, आता ७ तारीख उजाडते. आता म्हणे एक्सेल पूर्ण बंद करणार. शिकायला माझी ना नाही. पण २३ टॅबची ती फाइल मी एकेक फॉर्म्युला घालून उभी केली आहे, जीव तुटतो. नव्या सिस्टिमनं कुणाचं काम खरंच कमी झालंय का?

जुना_प्रोग्रामर: ताई, विजेचंही असंच झालं होतं. एडिसनचं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं, तरी १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांत विजेच्या मोटरींचा वाटा ५ टक्क्यांच्याही आत होता. ज्यांनी मोटर बसवली, त्यातल्या बऱ्याच जणांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर ठेवली. सगळी यंत्रं पट्ट्यांनी फिरवणारा छताखालचा लांब दांडा तोच, पट्टे तेच. फायदा दिसला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि कामाच्या क्रमानं यंत्रं मांडता आली तेव्हा, म्हणजे १९२० च्या दशकात. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये संगणकाबद्दल हेच मांडलं. तुमच्याकडे मोटर आली आहे, पण रिपोर्टचा साचा म्हणजे तो जुना दांडा. तो कुणी हलवलेला नाही.

ताळमेळ: आमच्याकडेही दोन वर्षं दुहेरी नोंद चालली. पण एक्सेलवर फार विसंबू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडात कोरोनाच्या जवळपास १६,००० रुग्णांच्या नोंदी गळाल्या, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या (एक्सएलएस) फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा लागला. तुमची फाइल तुमच्याशिवाय कुणाला कळते का? तुम्ही आजारी पडलात तर?

खतावणी: नाही कळत. हे मनाला लागलं, पण खरं आहे.

काल साहेबांसमोर बसून एकेक टॅब उघडला. २३ पैकी ते फक्त ४ बघतात. ते चारही रिपोर्ट ईआरपीतून निघतात, फक्त रकाने इकडचे तिकडे. चालेल म्हणाले. आठ महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

एकच टॅब अडलाय. वादातली बिलं मी पिवळी करते आणि बाजूला लिहिते की कुणाशी काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी करायचा. ईआरपीत 'प्रलंबित' एवढंच आहे.

जुना_प्रोग्रामर: शेऱ्याचा रकाना वाढवून मागा. आधी नाही म्हणतील. वादातली दहा बिलं समोर ठेवून मागा.