आठवड्याची गोळी सोडून पुडी चालू ठेवावी का?

कापूसकोंडी, सेलू
मायचं वय ५४. दोन वर्षांपासून सकाळी उठलं की तासभर मूठ मिटत नाही, बोटांचे सांधे सुजतात. भाकरी थापायची बंद झाली तेव्हा संभाजीनगरला नेलं. रक्त तपासलं, संधिवात निघाला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. पाच आठवडे झाले, फरक म्हणाल तर काही नाही, उलट गोळीच्या दिवशी मळमळ. मागच्या आठवड्यात मामा कुठूनशी पुडी घेऊन आला. दोन दिवसांत माय चुलीपुढं बसून भाकरी थापायली! माझं मत सरळ आहे. ज्यानं गुण येतो ते औषध. लिव्हरला त्रास देणारी गोळी जन्मभर कशाला गिळायची?

मास्तर_लातूर
दोन दिवसांत गुण आला, मला तिथंच भीती वाटते. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन नावाचं स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल त्याच कामाला. पण नंतर कळलं की तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरही देतात, पण मिलिग्रॅम मोजून आणि हळूहळू कमी करत. पुडीत किती आहे हे पुडीवाल्याला तरी ठाऊक असेल का?
मेथोट्रेक्सेटचं काम वेगळं. स्वतःच्याच सांध्यावर तुटून पडलेल्या प्रतिकारशक्तीला ते आवर घालतं. गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तुम्ही पाचव्यातच वैतागलात.

आडरानातला
मास्तर, लातुरात बसून बोलणं सोपं आहे. आमच्याकडून संधिवाताच्या डॉक्टरकडं जायचं तर एक अख्खा दिवस, दोघांची मजुरी, वर एसटी आणि तपासण्या. इतकं करून डॉक्टर बोलतो दोन मिनिटं. 'तीन महिने लागतील' हे वाक्य यांच्या मायला कुणी सांगितलं होतं का? वेचणीच्या दिवसांत कापूस तीन महिने थांबत नसतो. माणूस पुडी घेतो ते अडाणी म्हणून नव्हे, उद्या रानात जायचं असतं म्हणून.

मेडिकलवाला, जालना
आडरान, तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यानं पुडी चांगली ठरत नाही. मी रोज काउंटरवर बघतो. 'हाडाची ताकदीची गोळी द्या' म्हणतात आणि कॅल्शियम नेतात, मग गुडघा घासलेला असो, संधिवात असो की हाड ठिसूळ झालेलं असो. तिन्हीला एकच नाव, वात! घासलेल्या गुडघ्याची कूर्चा (हाडांमधली गादी) परत आणणारी गोळी आज तरी नाही. मांडीचा व्यायाम, वजन, लागलं तर दुखणं कमी करणारं औषध, एवढंच.
आणि पेनकिलर साधी समजू नका. वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅक खाल्लं की पोटात अल्सर, किडनीवर ताण. (मेलेल्या गुरांच्या मांसातून हेच औषध पोटात जाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ ला जनावरांसाठी बंद केलं.) शिवाय संधिवातात पेनकिलरनं ठणका थांबतो, सांधा आतून झिजायचा थांबत नाही.
एक हात जोडून सांगणं. मेथोट्रेक्सेट आठवड्याला एकदाच. आमच्या एका काकूंना कुणीतरी 'रोज एक' सांगितलं. तोंडभर फोड आले, रक्तातल्या पेशी घसरल्या, भरती करावं लागलं. आम्ही आता पाकिटावर वारच लिहून देतो.

गेवराईची_सून
हाड ठिसूळ होण्यावरून सांगते. आमच्या आत्याबाई ऊसतोडीच्या. तिशीतच पिशवी काढली, अंडाशयासकट. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा विषय २०१९ ला विधिमंडळात गाजला, पण पुढं त्या बायांच्या हाडांचं काय, हे कुणी विचारत नाही. पन्नाशीत ओल्या न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. त्याआधी काहीच दुखत नव्हतं. हे दुखणं मोडेपर्यंत गप्प असतं.
डॉक्टरनं छान समजावलं. हाड जुन्या वाड्याच्या भिंतीसारखं, एका बाजूनं उकरणारे आणि दुसऱ्या बाजूनं भरणारे रोज कामावर असतात. अंडाशयातलं इस्ट्रोजेन बंद झालं की उकरणारे मोकाट सुटतात. ॲलेंड्रोनेटची गोळी हाडात जाऊन बसते आणि त्या उकरणाऱ्यांना आवरते. आठवड्याला ७० मिलिग्रॅम, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. आत्याबाई चहाबरोबर घेऊन पुन्हा अंथरुणात! छातीत जळजळलं, गोळी खिडकीतून बाहेर. नीट घ्यायला लागल्यापासून तक्रार नाही.

उलटतपासणी, नांदेड
आणि त्याच गोळीनं जबड्याचं हाड मरतं, मांडीचं हाड मोडतं, ते कामून सांगत नाही?

गेवराईची_सून
सांगते की! होतं, पण फार क्वचित. म्हणून दात काढायचा असेल तर आधीच काढून घ्यायचा आणि पाचेक वर्षांनी गोळी थांबवायची का ते डॉक्टरला विचारायचं. ठिसूळ खुबा मोडणं मात्र क्वचित नाही. आमच्या वाड्यावर तीन म्हाताऱ्या त्यापायी अंथरुणाला लागल्या.

उलटतपासणी, नांदेड
हाडं ठिसूळ झाली म्हणून डेनोसुमॅबचं दर सहा महिन्यांचं इंजेक्शन घ्यायचं सांगायलेत आमच्या मावशीला. एकदा चुकलं तर?

मेडिकलवाला, जालना
ते मनानं चुकवायचं नाही. बंद केलं की हाड झपाट्यानं झिजतं, मणके दबू शकतात. सहा-सहा महिन्यांनी जमणार नसेल तर आधीच डॉक्टरला तसं सांगा. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड असतं.

आडरानातला
वर्षातून एकदा? हे आमच्याकडच्या माणसाला जमेल. हे आधी का नाही सांगत कुणी?

मास्तर_लातूर
कापूसकोंडी, एक राहिलं. पुडी किती दिवस घेतली? बरेच दिवस झाले असतील तर झटक्यात बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, माणूस गळून पडतो. पुडी डॉक्टरला दाखवा.

कापूसकोंडी, सेलू
नऊ दिवस झाले. कालपासून मायचं तोंड सुजल्यासारखं दिसायलंय, मला वाटलं तब्येत सुधरायली. मंगळवारी नेतो, पुडी खिशात घालून. मळमळीचं पण विचारतो. मामानं अजून वीस पुड्या आणून देवघरात ठेवल्यात आणि 'पैसे दे' म्हणायलाय, त्याच्याशी बोलायचं कुणी ते सांगा.