उपनगरं ते शहर बीआरटी : बसला वेगळी लेन द्यावी का?

रोजचा_प्रवासी
उपनगरांतून शहरात यायला बीआरटीचा (बस रॅपिड ट्रान्झिट, जलद बससेवा) प्रस्ताव आहे, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बसची लेन, तिकीट स्टेशनात शिरतानाच काढायचं, फलाट आणि बस एका उंचीला म्हणजे पायऱ्या चढायची भानगड नाही. माझा पूर्ण पाठिंबा आहे. ब्राझीलच्या कुरितिबात बसची वेगळी लेन १९७४ पासून आहे, कोलंबियातल्या बोगोटात बीआरटी २००० साली सुरू झाली. मेट्रोपेक्षा खर्च कितीतरी कमी आणि बांधूनही लवकर होते, मग अडतंय कुठे?

स्टिअरिंगवर_मी
अडतंय रस्त्यावर! तीन लेनमधली एक काढून घेतलीत तर उरलेल्या दोनात सगळ्या गाड्या कोंबायच्या का? दिल्लीत हेच केलं होतं २००८ मध्ये, आंबेडकर नगर ते मूलचंद, सहा किलोमीटरसुद्धा नाही, आणि २०१६ ला तोडावं लागलं. बसलेन रिकामी आणि शेजारी गाड्यांची रांग, लोक चिडणारच ना.

रोजचा_प्रवासी
लेन रिकामी दिसते कारण बस निघून गेलेली असते हो. साधा हिशोब करा, मिनिटाला एक बस आणि बसमध्ये ६० जण, म्हणजे तासाला ३६०० माणसं. गाड्यांच्या लेनमधून अगदी मोकळ्या रस्त्यावर तासाला २००० च्या आसपास गाड्या जातात, सिग्नल आले की निम्म्यावर, आणि बहुतेक गाडीत एकटा माणूस. दिल्लीत स्टॉप चौकाला लागून होते, सिग्नल लांबलचक, तिकीट बसमध्येच. लेन होती पण बाकीची व्यवस्था नव्हती.

शेवटचा_स्टॉप
तुम्ही दोघं लेनवरून भांडताय पण मी राहते तिथून मेन रोड दोन किलोमीटर आहे, मी तिथपर्यंत येऊ कशी? फीडर बस, म्हणजे घराजवळून मेन रोडला सोडणारी छोटी बससेवा, नसेल तर मी स्कूटरच काढणार आणि एकदा काढली की थेट ऑफिसलाच जाणार. शिवाय स्टेशन रस्त्याच्या मधोमध, रात्री नऊला भरधाव गाड्यांतून क्रॉस करायचं म्हणजे जीव मुठीत. सिग्नलवाली क्रॉसिंग आणि दिवे आधी हवेत, ते 'नंतर बघू' मध्ये गेलं की कायमचं गेलं.

स्टिअरिंगवर_मी
हा मुद्दा शंभर टक्के पटला. आणि अजून एक, प्रस्तावात लेन शहराच्या वेशीपर्यंतच आहे, पुढे बस आमच्याच ट्रॅफिकमध्ये! मग वाचवलेली वीस मिनिटं शेवटच्या चार किलोमीटरमध्ये जाणार.

रोजचा_प्रवासी
इथे मात्र तुमचं बरोबर आहे, मी आधी यावर बोलायला हवं होतं. कॅनडात ओटावाला १९८३ पासून बसचे स्वतंत्र रस्ते आहेत, उपनगरांतून बस सुसाट यायच्या आणि शहराच्या मध्यात एकामागे एक रांगेत अडकायच्या, शेवटी तिथे बोगदा खणून रेल्वे आणली, २०१९ मध्ये. म्हणून माझं म्हणणं, काम शहरातल्या चार किलोमीटरपासून सुरू करा, पार्किंग काढावं लागलं तरी चालेल.

स्टिअरिंगवर_मी
पार्किंग काढणार? तिथली दुकानं काय करतील? त्याला माझा विरोधच. पण वेशीवर संपणाऱ्या लेनला त्याहून जास्त विरोध आहे.

शेवटचा_स्टॉप
दुकानात बसने येणारी माणसंही असतात हो, मी त्यातलीच एक. पार्किंग जाऊ दे, मला फूटपाथ द्या.