144 हर्ट्झ टाकलं की स्क्रीन काळी, एचडीआरचं बटणच नाही (लिनक्स, कुबुंटू 24.04)

पैठणगेट_27:
नमस्कार मंडळी, संभाजीनगरहून लिहायलोय. चार दिवस झाले यातच अडकलोय. 27 इंची 1440पी मॉनिटर घेतला, खोक्यावर 144 हर्ट्झ (सेकंदाला 144 चित्रं) आणि डिस्प्ले एचडीआर 400 (एचडीआर म्हणजे लख्ख उजेड अन् अंधार दोन्ही एकाच चित्रात नीट दिसणं) लिहिलंय, ग्राफिक कार्ड एएमडीचं आरएक्स 6600. सेटिंगमध्ये 144 दिसतं पण निवडलं की स्क्रीन काळी व्हायली, दोन-तीन सेकंदानं येती अन् परत जाती, शेवटी 60 वर ठेवलंय. केबल जुन्या टीव्हीची एचडीएमआय. एचडीआरचा पर्याय तर कुठंच नाही. मला गेमसाठी नकोय हे, वेरूळला 10 नंबरच्या लेणीत मोबाइलवर एचडीआरमध्ये शूट केलंय, आत अंधार आणि समोरच्या मोठ्या खिडकीतून ऊन आत येतंय, मोबाइलवर दोन्ही नीट दिसतं आणि पीसीवर उघडलं की सगळं राखेसारखं फिकट. काय चुकायलंय सांगा.

लातूरचा_टक्स:
दादा हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकत्र धरू नका नाहीतर मी जसा आठवडा घालवला तसा जाईल. आधी 144 चं बघा. स्क्रीन जाती-येती म्हणजे केबलला तेवढा डेटा झेपेना. मोटर 5 एचपीची आणि पाइप दोन इंची असलं की पाणी जेवढं येतं तेवढंच येतं. एचडीएमआय 2.0 मधून कामाचा डेटा जातो सेकंदाला 14.4 गिगाबिट, 1440पी 144 ला 8 बिट रंगातच 14 च्या वर लागतो, म्हणजे चांगली केबल असली तरी कसंबसं बसतं, आणि एचडीआरला 10 बिट पाहिजे, तिथं 17-18 लागतो, बसतच नाही. तुमच्या कार्डाला एचडीएमआय 2.1 आहे पण लिनक्सवर भरवसा ठेवू नका, एएमडीच्या ओपन ड्रायव्हरमध्ये 2.1 टाकायला एचडीएमआय फोरमनं (एचडीएमआयचे नियम ठरवणारी संस्था) 2024 मध्ये नकार दिला. सरळ डिस्प्लेपोर्ट 1.4 ची केबल घ्या, तिच्यात जवळपास 26 जातो.

गोदाकाठ_नांदेड:
केबलचं बरोबर आहे. पण बटण नाही त्याचं कारण वेगळं, कुबुंटू 24.04 मध्ये केडीईचा डेस्कटॉप प्लाझ्मा 5.27 आहे, एचडीआर आला 6.0 पासून, फेब्रुवारी 2024 मध्ये, तोही फक्त वेलँडवर (स्क्रीनवर विंडो दाखवायची नवी पद्धत). तुम्ही बहुतेक जुन्या पद्धतीवर, एक्स11 वर असाल, तिथं एचडीआर नाहीच, कितीही शोधलं तरी सापडणार नाही. लगेच फॉरमॅट करू नका, फेडोरा केडीईचा (नवा प्लाझ्मा असलेलं दुसरं लिनक्स) लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि बघा बटण दिसतंय का. मी तसंच तपासलं होतं, डिस्कला हातही लावला नाही. नोम हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना एचडीआर आवृत्ती 48 पासून आहे.

परभणी_बाजारपेठ:
मी लिनक्स मिंटवर आहे, एचडीआरचा नाद सोडला आणि 144 वर समाधानी आहे. डोळ्याला फरक 144 चाच जास्त जाणवतो, हे माझं मत.

पैठणगेट_27:
डिस्प्लेपोर्टची केबल आणली, 144 एकदम पक्कं बसलं, एकदाही स्क्रीन गेली नाही, दोघांचेही मनापासून आभार. लाइव्ह पेनड्राइव्हवर एचडीआरचं बटणही दिसलं. पण चालू केलं की डेस्कटॉप मळकट दिसायलाय, अजून व्हिडिओ नीट नाहीच. आता?

गोदाकाठ_नांदेड:
हे लई जणांचं होतं. एचडीआर चालू असताना साध्या विंडो कितीनं उजळ दाखवायच्या त्याचा स्लायडर सेटिंगमध्ये आहे, तो वाढवा, प्लाझ्मा 6.4 मध्ये कॅलिब्रेशनही आहे. व्हिडिओला एमपीव्ही हा प्लेयर 0.40 किंवा पुढचा घ्या, त्यात व्हिडिओ आउटपुट जीपीयू-नेक्स्ट ठेवा आणि टार्गेट कलरस्पेस हिंट यस करा, नाहीतर काही प्लेयर एचडीआर ओळखतच नाहीत आणि फिकट दाखवतात. एक सांगतो, एचडीआर 400 च्या बऱ्याच मॉनिटरात लोकल डिमिंग (पडद्याचा एकेक भाग वेगळा मंद करायची सोय) नसतं, खिडकीतलं ऊन येईल पण त्याच वेळी गाभाऱ्याकडचा काळोख मोबाइलसारखा गडद येणार नाही.

पैठणगेट_27:
केलं. खिडकीतल्या उन्हात आता छताच्या दगडी फासळ्या वेगवेगळ्या दिसायल्या, आधी तिथं नुसता पांढरा डाग होता. खांबामागचा अंधार थोडा करडाच आहे, पण तुम्ही सांगितलंच होतं. रविवारी कुबुंटू काढून फेडोरा टाकतो, त्याआधी सगळ्या क्लिपचा बॅकअप घ्यायलोय.