मदत हवी आहे: बडोद्याहून पावागड-चांपानेर एका दिवसात, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस पावागडला जायचं ठरतंय. आम्ही दांडिया बाजारात राहतो, गाडी घरचीच. बरोबर नवरा, सासूबाई आणि आमचा सहा वर्षांचा मुलगा. सासूबाईंना कालिकामातेचं दर्शन घ्यायचंय. गुडघ्यांमुळे बरीच वर्षं त्या मनातलं बोलल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांचं दर्शन शांतपणे व्हावं असं फार वाटतं.

अडचण मुलाची आहे. हालोलपर्यंत तो मजेत असतो, पण वळणं सुरू झाली की त्याला गाडी लागते. शिवाय उंचावर लटकणाऱ्या कशाचीही त्याला धास्ती. जत्रेतला आकाशपाळणा लांबून दिसला तरी माझी ओढणी घट्ट धरतो. घरचे म्हणतात, एकदा रोपवेत बसवला की भीती जाईल. मला हे पटत नाही. रडणाऱ्या मुलाला ओढत वर न्यायचं नाही, यावर मी ठाम आहे.

माचीपर्यंत, म्हणजे रोपवे सुटतो त्या डोंगरावरच्या टप्प्यापर्यंत, आपली गाडी जाते का, की तळेटीलाच ठेवावी लागते? माचीपासून पायऱ्यांनी एवढंसं मूल चढेल? आणि त्याच दिवशी चांपानेर उरकेल का? जुने दरवाजे, बुरूज म्हणजे त्याचा जीव की प्राण, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, आधी तारीख बघा. बेसत्या वर्षापासून (गुजराती नवं वर्ष, आपला पाडवा) लाभपाचमीपर्यंत तिथे गुजरातभरातून माणसं लोटतात. गर्दीच्या दिवशी खासगी गाड्या तळेटीला थांबवतात आणि माचीपर्यंत एसटीने जावं लागतं. शाळेची सुट्टी लाभपाचमीनंतरही असते, तेव्हा त्यापुढचा मधला वार धरा. रविवार आणि पौर्णिमा टाळा.

पायऱ्यांचा विचार सोडा, मोठ्यांचाही दम निघतो. रोपवेतून उतरल्यावरही मंदिरापर्यंत पायऱ्या आहेतच, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा. सकाळी लवकर पोचलात तर त्यांना थांबत थांबत चढता येईल. जोराचा वारा असला की रोपवे थांबवतात, देखभालीसाठीही अधूनमधून बंद असतो. निघण्याआधी चौकशी करा.

मुलाबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. स्टेशनपाशी उभं राहून पाळणे येता-जाताना त्याला निवांत बघू द्या. बसायला तयार झाला तर डोंगराकडे तोंड करून बसवा, दरी पाठीमागे राहते. नाहीच म्हणाला तर नवऱ्याने सासूबाईंना घेऊन वर जावं आणि तुम्ही दोघांनी माचीच्या अलीकडे सात कमान बघावी. दगडी कमानींची ओळ आहे आणि तिथून खालचं चांपानेर दिसतं. बुरूज आवडणारं मूल तिथे रमेल. कडा जवळ आहे, हात मात्र सोडू नका.

गाडी लागते त्यासाठी: निघताना दूध देऊ नका. अर्धी दशमी किंवा कोरडा थेपला पुरे. घाटात मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं बंद, काच खाली, नजर समोरच्या रस्त्यावर. आलेपाकाची वडी चघळायला द्या, आमच्याकडे तिचा उपयोग झाला. आणि चालवणाऱ्याला सांगा, वळणावर घाई नको.

चांपानेर खाली उतरल्यावर, ऊन कललं की करा. 2004 पासून जागतिक वारसा आहे, पसारा मोठा आहे, सगळं बघायच्या मागे लागू नका. जामी मशीद आणि कोटातली सहर की मशीद एवढंच ठेवा. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जामी मशिदीच्या खांबांमधून मुलं मनसोक्त हिंडतात. उजेड उरला तर परतताना बडोद्याच्या रस्त्यालगतची गोल जिन्याची वाव (पायऱ्यांची विहीर) दाखवा, लहान आहे, पाच मिनिटांचं काम.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मुलाला एवढं नक्की सांगा, आपल्या बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. पुलावरून रोज दिसणारी नदी कुठून येते हे कळलं की मुलं डोंगराकडे वेगळ्याच नजरेने बघतात. गोष्टी हव्या असतील तर गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने मोठ्या वेढ्यानंतर 1484 मध्ये हा गड घेतला आणि चांपानेरला राजधानी वसवली. 1535 मध्ये हुमायून आला आणि शहराचे दिवस फिरले. पुढे गड शिंद्यांकडे होता, 1853 मध्ये इंग्रजांनी कारभार हाती घेईपर्यंत. मराठी घरातल्या मुलाला हेही माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे खूप आभार. सात कमानीचं मला ठाऊकच नव्हतं, त्याने मोठा पेच सुटला. आता तो वर आला नाही तरी त्याचा दिवस वाया जाणार नाही, आणि सासूबाईंचं दर्शनही होईल. लाभपाचमीनंतरचा बुधवार ठरवलाय.

एकच राहिलं. रोपवेपासून मंदिरापर्यंतच्या पायऱ्यांवर आधाराला कठडा सगळीकडे आहे का? आणि मध्ये टेकायला जागा? गुडघेदुखी असलेल्या कुणाला घेऊन हल्ली कुणी गेलं असेल तर कृपया सांगा, त्यावरून काठी पुरेल की आणखी कुणाला सोबत घ्यावं ते ठरवते.