कोरम भरला नाही, सभा तहकूब. मग ठराव कोणाचे?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ): २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आम्ही एकवीस जण. कोरम म्हणजे किमान हजेरी: १५ टक्के मतदार किंवा १००, यांत जे कमी असेल ते. भरला नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागतच नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात नऊ जणांत गावविकासाचा आराखडा मंजूर! रजिस्टर नंतर सह्यांसाठी घरोघरी फिरलं. माझं म्हणणं: तहकूब सभेलाही कोरम लावा, आणि मागचा जमाखर्च मोठ्यानं वाचल्याशिवाय नवा ठराव नको.

माजी सरपंच: काऊन बाप्पा, दोष सरपंचाचाच? तवा सोयाबीन सोंगणीले आलं असते, कोण येईन? घरकुलाची यादी असली का बसाले जागा पुरत नाही. कोरम लावला तर सालभर नालीबी होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतले ६० टक्के पाणी अन् स्वच्छतेले बांधलेले होते. उरल्या ४० टक्क्यांत साऱ्या गावाच्या मागण्या. नाही म्हटलं का, ‘खाल्ले’.

पऱ्हाटीवाला: हे ६०-४० सभेत फळ्यावर लिहून दाखवलं होतं का कधी, भाऊ? मला तर इथंच कळतंय.

गडचिरोलीकर: धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव पाहा. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

वर्धेकर: मेंढ्याचं नाव दरवेळी निघतं. गाव लहान, जंगल सामाईक. आमच्याकडे सामाईक काय? पाण्याची टाकी अन् स्मशानशेड. त्यातही दोन पार्ट्या. सहमतीची वाट पाहिली तर शेडच होणार नाही.

गडचिरोलीकर: हक्क मागाहून आले हो. अभ्यासगट अन् बैठका त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू होत्या.

बचतगटवाली: कोरम-कोरम करता, आम्हाला मोजता का? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती फक्त रजिस्टरात होते. सकाळी ११ वाजता आम्ही वावरात. अन् सभा मारुतीच्या पारावर, जिथं सासऱ्यादेखत बाई बसतच नाही. रात्री जेवणं झाल्यावर शाळेत ठेवा, मग बघा.

माजी सरपंच: रात्री अर्धे पिऊन येतात, ताई.

बचतगटवाली: दिवसा काय कोरडे येतात?

पऱ्हाटीवाला: २६ जानेवारीच्या सभेची वेळ अन् जागा बदलायचा अर्ज लिहितो. ताई, पहिली सही तुमच्या गटाची घेऊ का?