पश्चिम घाटाचा मसुदा आणि साठ दिवसांच्या हरकती: गावोगाव विचारण्याचा खर्च सरकारने करावा का?

धागाकर्ती (काजू बागायतदार, सिंधुदुर्ग)

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 31 जुलै 2024 रोजी पश्चिम घाटातील इको सेन्सिटिव्ह (म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्राचा सहावा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध केला. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सहा राज्यांतला 56,800 चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश त्यात येतो. त्यातले 17,340 चौरस किलोमीटर महाराष्ट्राचे आणि 1,461 गोव्याचे आहेत. हरकती आणि सूचना पाठवायला 60 दिवसांची मुदत होती. त्या पत्राने किंवा ई-मेलने दिल्लीला पाठवायच्या होत्या. राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत होते.

आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा मसुदा नव्हता. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ आले तेव्हा एका मुलाने मोबाइल पुढे केला आणि त्यातली गावांची यादी बोटाने सरकवत तो आमचे गाव शोधू लागला. दोनदा पुढे गेला, एकदा मागे आला, मग म्हणाला, “हे बघा, आहे.” यादीच्या अलीकडच्या पानांवर काय लिहिले आहे ते कोणालाच वाचता आले नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले की आता बागेत कुदळ मारायलाही परवानगी लागणार, आणि सभा उठेपर्यंत तेच खरे ठरले. कोरमची सही आधीच झाली होती. त्यानंतर 7 सप्टेंबरला गणपती आले, घरोघरी चाकरमानी आले, आणि महिनाअखेरीस मुदत संपली.

मी नंतर मसुदा बसून वाचला. खाणकाम, दगडखाणी आणि वाळू उपसा यांवर बंदी, चालू खाणी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद, नवे औष्णिक वीज प्रकल्प नाहीत, लाल वर्गातले (म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे) नवे उद्योग नाहीत, 20,000 चौरस मीटरच्या वरची बांधकामे नाहीत. राहत्या घराच्या दुरुस्तीला आडकाठी नाही, मालमत्तेच्या हस्तांतरणावर निर्बंध नाही. ज्यांना घाबरायचे कारण नव्हते ते घाबरले होते आणि ज्यांनी विचार करायला हवा होता त्यांच्यापर्यंत मसुदा पोहोचलाच नव्हता.

यादीतल्या प्रत्येक गावात चार पानी मराठी टिपण छापून घरोघर द्यावे, मसुदा समजावणारा एक माणूस दोन दिवस गावात राहावा, प्रत्येक घराकडून लेखी मत घ्यावे आणि मग ग्रामसभा व्हावी, असे माझे म्हणणे आहे. महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक गावे या यादीत आहेत. गावामागे पंचवीस हजार रुपये धरले (हा माझा अंदाज आहे), तरी दोन हजार गावांचे पाच कोटी होतात. एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या भवितव्यासाठी ही रक्कम जास्त आहे असे मला वाटत नाही.

प्रतिसाद (निवृत्त महसूल कर्मचारी, सातारा)

ताई, आपली तळमळ पोहोचली, परंतु हिशेब अपुरा आहे. छपाईचा खर्च सर्वांत कमी असतो. खरा खर्च माणसांचा असतो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांचा पगार आधीच दुसऱ्या कामासाठी मोजलेला असतो. जानेवारी 2024 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघरचे सर्वेक्षण 23 जानेवारीला सुरू होऊन 2 फेब्रुवारीला संपले. लाखाहून अधिक कर्मचारी आणि दीडशेहून अधिक प्रश्न होते. त्या दिवसांत किती शाळांमध्ये वर्ग भरले आणि किती दाखले टेबलावर पडून राहिले, हे ज्यांनी पाहिले त्यांना ‘फक्त पाच कोटी’ हे शब्द पटणार नाहीत.

दुसरे असे की सल्लामसलतीची रीत ठरलेली आहे. केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात किमान 30 दिवस सांगितले आहेत. येथे दुप्पट मिळाले. प्रत्येक अधिसूचनेसाठी घरोघर जायचे ठरवले तर राज्यकारभार विचारण्यातच संपेल. आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्य हे लोकांच्या वतीने बोलण्यासाठीच निवडलेले असतात, त्यांना पत्र लिहावे.

प्रतिसाद (मेलबर्न)

मी मूळची कोल्हापूरची, पण मतदार ऑस्ट्रेलियाची असल्यामुळे घरोघर विचारलेल्या एका सरकारी प्रश्नाचे उत्तर मी स्वतः दिले आहे. 2017 मध्ये समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यावी का, हे सरकारने टपालाने विचारले. मतदार यादीतल्या प्रत्येकाला, म्हणजे सुमारे एक कोटी साठ लाख लोकांना, एक प्रश्न, दोन चौकोन आणि परतीचे पाकीट असे पत्र आले. आमच्या टपालपेटीत ते विजेच्या बिलाच्या शेजारी पडले होते. उत्तर देणे ऐच्छिक होते, तरीही 79.5 टक्के लोकांनी ते दिले आणि त्यातल्या 61.6 टक्क्यांनी होकार दिला. 122 दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर होते, प्रत्यक्ष खर्च 80.5 दशलक्ष झाला. मतदारामागे जेमतेम पाच डॉलर. निकाल 15 नोव्हेंबरला लागला आणि 7 डिसेंबरला संसदेने कायदा मंजूर केला.

पोहोच म्हणून पाहिले तर हे यश मोठेच होते. तरीही मी त्या खर्चाच्या विरोधात होते आणि आजही आहे. संसदेला कायदा करण्याचा अधिकार आधीपासून होता, सर्वेक्षणाचा निकाल तिच्यावर बंधनकारक नव्हता, आणि ज्यांच्या संसाराचा तो प्रश्न होता त्यांना दोन महिने आपल्या नात्याविषयी अनोळखी माणसांची मते रस्त्यावर ऐकावी लागली. माझ्या कार्यालयातली एक सहकारी त्या काळात दुपारचे जेवण एकटीच बाहेर बसून घ्यायची. तो खर्च त्या 80.5 दशलक्षांत धरलेला नाही.

शिवाय तो प्रश्न हो-नाहीचा होता. तुमच्या मसुद्यात खाण आहे, वाळू आहे, बांधकाम आहे, वीज आहे. घरोघरच्या कागदावर त्याचे दोन चौकोन करणार असाल तर उत्तरे भरपूर येतील आणि त्यांतून कळणार मात्र फार थोडे.

प्रतिसाद (भूगोलाचे प्राध्यापक, पुणे)

मी या प्रस्तावाच्या ठाम विरोधात आहे आणि त्याचे कारण पैसे नसून वेळ आहे. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल दिला. मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय यांच्या आदेशांनंतर मे 2012 मध्ये तो लोकांसमोर आला. मग त्या अहवालाचा फेरविचार करणारी कस्तुरीरंगन समिती, 2013. पहिला मसुदा 10 मार्च 2014 चा. त्याच वर्षी 30 जुलैला माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. 2021 च्या जुलैत तळीये, 2023 च्या जुलैत इर्शाळवाडी. 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला आणि दुसऱ्या दिवशी सहावा मसुदा निघाला. ठरलेल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा कालबाह्य होतो आणि पुन्हा पहिल्यापासून 60 दिवस सुरू होतात. हे पाच वेळा झाले आहे. या सर्व दरडींचे कारण एकच आहे असे मी म्हणत नाही, पण उतारावरचा दगड फोडण्यावर निर्बंध हवेत हे सांगायला आणखी एका सर्वेक्षणाची गरज नाही.

मते मोजण्याचा अनुभवही चांगला नाही. कस्तुरीरंगन समितीने गाडगीळ अहवालावर आलेल्या 1,750 प्रतिसादांपैकी 81 टक्के प्रतिकूल असल्याचे नोंदवले. सहा राज्यांच्या घाटातून 1,750! एवढ्या तुटपुंज्या संख्येवरून ‘लोकांना हे नको आहे’ असे पुढची कित्येक वर्षे ऐकवले गेले. तुमचे घरोघरचे सर्वेक्षण झाले आणि अफवेच्या भरात लोकांनी नकार लिहून दिला, तर तो नकार कायमचा शिक्का होईल.

धागाकर्ती

सर, 1,750 चा आकडा तुम्ही माझ्या विरोधात दिलात, पण तो माझ्या बाजूने बोलतो. गाडगीळ अहवाल इंग्रजीत 522 पानांचा होता. तो वाचून पत्र लिहू शकणारे आमच्या तालुक्यात किती असतील? गाडगीळ समितीने स्वतःच सांगितले होते की अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपर्यंत जावा आणि सीमा त्यांच्याशी बोलून ठरवाव्यात. आणि गावे नकारच देतात हे तर मुळीच खरे नाही. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या 25 ग्रामसभांनी ‘आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असे ठराव केले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीच्या यादीतून दोडामार्ग वगळला गेला आणि मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याविषयी आदेश द्यावा लागला. गावांनी होकार दिला तेव्हा तो मोजला गेला नाही, हे मला अधिक लागते.

वेळेचे दुःख माझेही आहे. पण तेरा वर्षे ग्रामसभांना विचारण्यात गेलेली नाहीत. ती राज्य आणि केंद्र यांच्या पत्रव्यवहारात गेली.

निवृत्त साहेबांना आदराने एवढेच विचारते, की लाखाहून अधिक माणसे अकरा दिवसांत राज्यभर घरोघर जाऊ शकली, तर त्याच्या छोट्याशा भागात आमच्याकडे येणे अशक्य कसे? शाळांचा खोळंबा होतो हे मान्य. मग त्या कामासाठी माणसे वेगळी नेमावीत आणि त्यांचा पगार उघडपणे खर्चात लिहावा.

प्रतिसाद (अनुवादक, ठाणे)

भाषेच्या खर्चाबद्दल लिहितो, कारण तो माझा रोजचा व्यवसाय आहे. 2020 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जूनला हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत मसुदा दहा दिवसांत भाषांतरित करायला सांगितले. मंत्रालय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. काही पानांच्या मराठी भाषांतराला लागणारे पैसे आणि ते टाळण्यासाठी वकिलांवर झालेला खर्च यांची तुलना ज्याने त्याने करावी.

मात्र नुसते भाषांतर पुरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ‘टप्प्याटप्प्याने निष्कासन’ असे मराठीत लिहिले म्हणून ते वाचकाला कळत नाही. ‘आत्ता चालू असलेली खाण पाच वर्षांनी बंद’ असे लिहिले तर कळते. असे चार पानी टिपण एकदा नीट लिहिले तर दोन हजार गावांना तेच चालेल.

आणि मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये. समान नागरी कायद्याबाबत 2016 मध्ये विधी आयोगाने प्रश्नावली काढली तेव्हा सुमारे 75 हजार उत्तरे आली. 2023 मध्ये केवळ ‘मते कळवा’ म्हटल्यावर सुमारे 75 लाख आली. शंभरपट लोकांनी शंभरपट विचार केला असे मी तरी म्हणणार नाही, कारण एकच तयार मजकूर पुढे ढकलून हजारो ई-मेल पाठवता येतात. गावात बसून भरलेले शंभर कागद मला त्यांपेक्षा अधिक बोलके वाटतात.

प्रतिसाद (चिरेखाण व्यावसायिक, राजापूर)

माझे हितसंबंध आधीच सांगतो: माझी जांभ्याची खाण आहे, आणि हा मसुदा अंतिम झाला आणि माझे गाव त्यात राहिले तर ती बंद होईल. तरीही घरोघर विचारावे या मताचा मी आहे. माझी शंका वेगळी आहे. ‘घर’ म्हणजे कोण?

रायगडात महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी, 21 सप्टेंबर 2008 रोजी, पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले होते. तेथे सातबारा हा आधार होता, कारण जमीन द्यायची की नाही हाच प्रश्न होता. इथे तसे चालणार नाही. आमच्याकडे एका सातबारावर पंधरा-वीस सामाईक नावे असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही वारलेली. माझ्या खाणीवर चिरे काढणारे कामगार कर्नाटकातून येतात. त्यांचे नाव ना सातबारावर, ना आमच्या मतदार यादीत, आणि खाण बंद झाली तर पहिला रोजगार त्यांचा जातो. उलट खाणीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरीत पावसाळ्यात लाल गाळ उतरतो, त्या घरातल्या बाईचे नावही सातबारावर नसते. मतदार यादी घेतली तर मुंबईतला भाऊ सुटतो आणि कामगार सुटतो. सातबारा घेतला तर बायका सुटतात. हे ठरल्याशिवाय पाच कोटी काय आणि पन्नास कोटी काय, पोहोच अर्धवटच राहील.

ग्रामसभेवर तर भरवसाच ठेवू नका. 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल तेवढा कोरम. तो झाला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. ठराव कोणीही लिहून घेऊ शकतो. मी स्वतः तशा सभेत बसलेलो आहे.

प्रतिसाद (निवृत्त महसूल कर्मचारी, सातारा)

राजापूरच्या बंधूंचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला. माझा विरोध मी पूर्ण मागे घेत नाही. सर्व गावांत एकदम जाऊ नये. आधी एका तालुक्यात करून पाहावे, जो खर्च आला तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावावा, आणि मगच पुढचे ठरवावे. पेणच्या मतांचा अहवाल राज्य सरकारकडे गेला, पण मत देणाऱ्यांना निकाल त्यांच्या गावात अधिकृतपणे सांगितला गेला नाही, याची खंत तेव्हा खात्यातल्या आमच्यासारख्यांनाही होती. मत घेतले तर त्याची मोजदाद त्याच चावडीवर वाचून दाखवण्याची अट आधी घालावी.

धागाकर्ती

एका तालुक्यापासून सुरुवात मला मान्य आहे. कोणाला विचारायचे याबद्दल माझा प्रस्ताव बदलते: अठरा वर्षांवरचा जो कोणी त्या रात्री गावात झोपतो तो प्रत्येक जण, मग तो खाणीवरच्या झोपडीत असो की माजघरात, आणि मुंबईतल्या सातबाराधारकांसाठी गणपतीच्या सुट्टीत एक दिवस वेगळा. बाईचा कागद बाईनेच भरावा, त्यासाठी नेमलेल्या माणसांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. मेलबर्नच्या ताईंचे म्हणणेही पटले, म्हणून कागदावर ‘मसुदा हवा की नको’ हा प्रश्न नसावा. खाण, वाळू, बांधकाम, वीज यांवर एकेक वेगळा प्रश्न आणि खाली चार ओळींची मोकळी जागा असावी. यामुळे गावामागचा खर्च माझ्या पंचवीस हजारांच्या वर जाईल, हे मला दिसते आहे. सरांच्या काळजीवर मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अफवा आमच्या गावात आधी पोहोचली आहे, आणि टिपण घेऊन येणाऱ्या माणसाला आता तिच्या मागून यावे लागेल.

प्रतिसाद (भूगोलाचे प्राध्यापक, पुणे)

मग तो माणूस पावसाळ्यापूर्वी यावा, एवढी दुरुस्ती सुचवतो. जूननंतर घाटाखालच्या कितीतरी वाड्यांपर्यंत तुमचे टिपण पोहोचणारही नाही.