पित्ताशयाचे खडे: सीमाभागातल्यांनी आपले अनुभव लिहा

छातीखाली कळ आली की "पित्त झालंय" म्हणून ओवा चघळायचा, सोडा प्यायचा, हे आपल्याकडे ठरलेलं. खड्यांचं दुखणं त्यातच वर्षानुवर्षं लपून राहतं. माझ्या आईला लग्नाचं जेवण झालं की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीतून खांद्यापर्यंत जायची आणि तास-दोन तासांनी आपोआप थांबायची. उपाशीपोटी सोनोग्राफी केली तेव्हा खडे दिसले. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खानापूरहून: माझे खडे बाळंतपणानंतर कळले. गरोदरपणात पित्ताशय नीट रिकामं होत नाही, म्हणून बायकांना हे जास्त होतं म्हणे. सासूबाईंना एकच घोर, पित्ताची पिशवीच काढली तर अन्न पचणार कसं? डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते नुसतं साठवते. दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, लवकर घरी आले.

निपाणीहून: वडिलांचा खडा सरकून पित्तनळीत अडकला. डोळे पिवळे, लघवी गडद, आणि हुडहुडी भरून ताप. भावकीतले काविळीचं झाडपाल्याचं औषध द्या म्हणून अडून बसले होते. बहिणीनं कुणाचं ऐकलं नाही, त्याच रात्री गाडी काढली. आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, पिशवी नंतर. नळी तुंबली की जंतू रक्तात पसरतात, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. पोटात कळ, कावीळ आणि थंडीताप एकत्र दिसले तर सकाळची वाट बघू नका. कळकळीनं सांगतोय.

यळ्ळूरहून: आमच्याकडं हरेकजण कुळथाचं कढण प्या, पाणफुटीची पानं खावा म्हणून सांगतोय. ते सांगतात मुतखड्यासाठी. पित्ताशयाची वाटच वेगळी, तिथला खडा लघवीतून पडत नाही बघा.

शहापूरहून: ऑपरेशननंतर काही महिने जेवलं की लगेच पळावं लागायचं. आता पित्त साठत नाही, सारखं आतड्यात उतरतं, त्यानं काहींना असं होतं. औषधानं आटोक्यात आलं. थोडं थोडं खाते, तळलेलं कमी. कुंदा चमचाभर चालतो.

चिकोडीहून: वेगळ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत माझा खडा दिसला. त्रास काहीच नाही, म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले. बहुतेकांना अशा खड्यांचा कधीच त्रास होत नाही. माझं वजन कमी करायचं चाललंय, तेही सावकाश करा म्हणाले; कडक उपासानं झपाट्यानं उतरलं तर खडे वाढतात.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आईला शुगर असल्यानं डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, कारण छातीखालची कळ हृदयाचीही असू शकते. तो नीट आला, आता ऑपरेशन ठरलंय. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट आठवणीनं मागून घ्या. ऑपरेशननंतर जोंधळ्याची भाकरी कधीपासून झेपली, हे कुणी सांगाल का?